न उमललेली फुलं

२०१७ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो. परवा नातीच्या पुस्तकात फुलाचं चित्र दिसलं, पाकळ्या, पराग, अंडाशय, आणि ते शेत पुन्हा डोळ्यांपुढं आलं.

त्या वर्षी पोळा झाल्यावर माझ्या शेतात कपाशीची कितीतरी फुलं उमलेनात. गुलाबाच्या कळीसारखी मिटूनच राहिली. बारावी शिकलेली माझी सून वंदना म्हणाली, "मामाजी, ह्या डोमकळ्या हायेत. आत अळी हाये. तोडून जाळा लागतीन."

निंदणाऱ्या बाया ऐकत होत्या. मी चौथी शिकलेला, पण जन्म कपाशीत गेलेला. म्हणालो, "आभाळ हाये म्हणून मिटली. तू मले कापूस शिकवून राह्यली काय?" बाया हसल्या.

महिनाभरानं तिनं एक डोमकळी माझ्या तळहातावर उकलली. पाकळ्या आतून जाळ्यानं शिवलेल्या, पिवळा पराग कुरतडलेला, आणि मधोमध वळवळणारी अळी.

"परागच खाल्ला, मामाजी. अशा फुलाले बोंड धरलं तरी आत काय सापडन?"

मी हिरवी बोंडं दगडानं फोडत गेलो. सरकी पोखरलेली, रुई पिवळी, कुजका वास. दहाच्या दहा तशीच; वेचण्याजोगा कापूसच उरला नव्हता.

तेव्हा मी बियाण्याला शिव्या दिल्या. आता वाटतं, त्या बाया तिथं नसत्या तर मी त्याच दिवशी फूल उघडून पाहिलं असतं.

चुकलं, असं मी वंदनाला म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या धुऱ्यावरचं काटेरी कुंपण बाजूला केलं आणि गावच्या बकऱ्या माझ्या हातानं उभ्या कपाशीत सोडल्या.