संवाद नसलेली भूमिका

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण खरं सांगायचं तर तुमची गंमत बघायला. कुणाला जिन्यात बाई दिसली की खाली ‘रात्रीचं जेवण जरा कमी करा’ अशी कमेंट टाकणारा तो मीच. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आज आहे का, तेही धड सांगता येणार नाही... पण जे झालं ते लिहितो. भीती वाटली म्हणून नाही, लाज वाटते म्हणून.

मी मुलुंडला राहतो, बँकेत नोकरी करतो आणि कॉलेजपासून हौशी नाटकं बसवतो. आमची छोटी संस्था नव्या नाटककारांसाठी कार्यशाळा घेते. घाटकोपर पूर्वेच्या एका शाळेतला चित्रकलेचा वर्ग आम्हाला रविवारी दुपारी मिळतो. मुलं आपलं नाटक आणतात, नट ते वाचतात, मग सगळे मिळून त्याची चिरफाड करतात आणि लेखक घरी जाऊन पुन्हा लिहितो. शेवटी मालाडच्या एका हॉलमध्ये प्रयोग. नियम एकच, आणि तो माझा — वाचन आणि चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही. नाहीतर जो तो आपल्या नाटकाचा वकील होऊन बसतो.

गेल्या वर्षीच्या बॅचमध्ये स्वप्नाली होती. वाकोल्याची, मूळची मालवणकडची. नाटक तिच्या वडिलांवर होतं. अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांची वाचा गेली, आणि ते वारले तेव्हा ही मुलगी एका एकांकिका स्पर्धेला गेली होती. हे तिने पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकलं. नाटकातला बाप सबंध वेळ खुर्चीत बसून असतो, त्याला एकही वाक्य नाही. आई मालवणीत बोलते. आमच्या सात पिढ्या ठाणे-मुलुंडच्या, माझी मालवणीची बोंब. मी म्हणालो, “हे कळत नाही गं, सरळ मराठीत लिही.” आणि दुसरं टुमणं लावलं की शेवटच्या प्रवेशात बापाला बोलतं कर.

“सर, त्यांना बोलता येत नव्हतं.”

“नाटक आहे ना? स्वप्न दाखव, काहीही कर.”

“मी खोटं नाही लिहिणार, सर.”

तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा बाप गप्पच. मला राग यायचा. शिकायला आलीयेस की शिकवायला, असं मी एकदा तिला सगळ्यांसमोर बोललोही.

त्या रविवारी बापाचं काम करणारा नट आलाच नाही. वाक्य नसलेल्या भूमिकेसाठी बोरिवलीहून कोण येणार? म्हटलं, मीच बसतो. लख्ख दुपार होती. भिंतीवर पोरांनी भेंडीच्या ठशांनी काढलेली फुलं, खाली मैदानात क्रिकेटची बोंबाबोंब. भुताला लागतं त्यातलं काहीही नव्हतं. मुलीचं काम रुचा वाचत होती. ती शेवटच्या स्वगताला आली, “बाबा, मी तेव्हा घरी असायला हवी होते ना?” म्हणाली आणि संहितेप्रमाणे थांबली.

माझा उजवा हात मांडीवर होता. मुंग्या आलेल्या पायासारखा जड झाला, माझा वाटेचना. आणि मी बोललो. म्हणजे तोंड माझं हललं, तेही अर्धंच.

“गेलंस... ता बराच केलंस गो. कप... कपाटात कित्या लपवलंस? भायर काड. माका बघूचो आसा.”

संहितेत कप नव्हता. कुठल्याच खर्ड्यात नव्हता. पुढचं वाक्य जिभेवर येऊन थांबलं होतं, हे मला आजही स्पष्ट आठवतं. तेवढ्यात रुचा रडत रडतच टाळ्या वाजवायला लागली, मग सगळेच. आणि मी उठलो. हात जोडून जरा वाकलोसुद्धा. हात हलका झाला, ते वाक्य गेलं.

“झकास, सर! बघ स्वप्नाली, बाप बोलल्यावर कसं वाटतं!” कुणीतरी ओरडलं. मी हट्टाने, तिला दाखवून द्यायला बोललो असंच सगळ्यांना वाटलं. मी वाटू दिलं. स्वप्नाली नियमाप्रमाणे गप्प बसून होती, ओढणीचं टोक मुठीत धरून.

नंतर जिन्यात तिने मला गाठलं. “सर, कपाचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“का गं?”

“त्या स्पर्धेत मला बक्षीस मिळालं होतं. तो कप मी साड्यांखाली लपवलाय. आईलाही माहीत नाही.”

मला माहीत नाही, मी बोललोच नाही — एवढंच सांगायचं होतं. पण खाली सगळे चहासाठी थांबलेले, अजून माझंच कौतुक चाललेलं.

“निरीक्षण असतं गं,” मी म्हणालो. “इतकी वर्षं काम केल्यावर सुचतं.”

“तुम्हाला सुचलं?”

“हो.”

तिने मान हलवली आणि ती खाली गेली. टपरीवर चहा पिताना माझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा गळत होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो, सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल.

पुढच्या खर्ड्यात बाप पुन्हा गप्प. आणि सांगायला लाज वाटते, पण मी चिडलो. माझी इतकी चांगली वाक्यं हिने घेतली नाहीत म्हणून. माझी!

प्रयोगाच्या दिवशी मालाडला सेट बघायला रंगमंचावर गेलो. बापाच्या खुर्चीसमोर टेबल, त्यावर बक्षिसाचा एक कप. एक कान किंचित वाकलेला. विंगेत स्वप्नाली उभी होती, तिला बाजूला घेतलं.

“ते मला सुचलं नव्हतं. कुठून आलं ते माहीत नाही. मी खोटं बोललो.”

“माहितीये, सर. तुम्हाला मालवणी कुठे येते? आईचे संवाद तुम्हीच बदलायला सांगितलेत ना?”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“विचारलं ना जिन्यात. तुम्ही ‘हो’ म्हणालात, आता सरांना खोटं कसं पाडू?” मग हळूच म्हणाली, “अजून काही म्हणत होते का ते?”

“होते.”

“काय?”

“कळलं नाही गं. टाळ्या वाजल्या... मी उठलो.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिसरी घंटा झाली. तिने पटकन जाऊन खुर्चीतल्या माणसाला नीट दिसेल असा तो कप फिरवून ठेवला आणि परत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. शेवटच्या प्रवेशात बाप गप्पच होता. तरी ती श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्यानंतर दोनदा मी त्या वर्गात एकटाच जाऊन त्या खुर्चीत बसलो. हात जड झाला नाही, काही नाही. ते बोलणं कुठून आलं याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तर सांगा, मी चेष्टा करणार नाही. मी का उठलो, ते मात्र मला कुणी समजावून सांगायला नको.