झोंबत नाही म्हणून

रावेरकडच्या आमच्या गावात फवारणीच्या बाटल्या वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. मी शाळेत शिकवतो, शिवाय घरची केळीची बाग आहे. एका पंपाला किती औषध, ते मी झाकणानं मोजून दाखवतो आणि वर दमही देतो, "जास्त ओतलंत तर पानं करपतील." शहाणपणा शिकवायची मला भारी हौस.

गेल्या वर्षी बागेत मायच्या पायाच्या अंगठ्यात तार घुसली. मायला बरीच वर्षं शुगर आहे. जखम लहानच होती. मी घरातली जंतुनाशकाची बाटली काढली, लेबलावर लिहिल्याप्रमाणे झाकणभर औषध मगभर पाण्यात मिसळलं आणि अंगठा पुसला.

"झोंबतंय का?" मी विचारलं.

"मले काहीच झोंबत नही रे बापू."

लहानपणी माझा गुडघा फुटला की हीच माय म्हणायची, "झोंबू दे, म्हंजे लागू पडते." ते डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की मला वाटलं औषध पातळ झालं. मग बिनपाण्याचं औषध कापसावर ओतलं आणि ओला बोळा अंगठ्यावर ठेवून चिंधीनं करकचून बांधला. माय खाटेवर बसून शेंगा फोडत होती. तिनं हूं की चूं केलं नाही. मला तिचं कौतुक वाटलं. ते कौतुक आठवलं की आज स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी वास आला म्हणून चिंधी सोडली. पांढरी पडलेली कातडी बोळ्याबरोबरच निघून आली. अंगठा काळा झाला होता. तशीच तिला गाडीत घालून जळगावला नेली.

जळगावच्या डॉक्टरांनी अंगठ्याला सुई टोचून पाहिली. मायला कळलंही नाही. शुगरनं तिच्या पायाची जाणीव कधीच गेली होती.

"औषधानं भाजलंय, त्यात आवळून बांधलंय," डॉक्टर म्हणाले. "स्वच्छ पाण्यानं धुवून, कोरडी पट्टी लावून त्याच दिवशी आणायचं होतं. आता अंगठा काढावा लागेल. हे बांधलं कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत माय बोलली, "म्याच बांधलं, डॉक्टरसाहेब. मले कुठं वाचता येते त्या बाटलीवरचं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही तर शिकलेले आहात, सर. आईकडे जरा लक्ष देत जा."

मी "हो" म्हणालो.