के आणि ज यांच्या मधला ठिपका

ती घटना आजही आठवली की माझी करंगळी अवघडते. का, ते पुढे कळेलच. नावं कुणाचीच घेणार नाही. यातली माणसं अजून याच परिसरात राहतात आणि त्यांना इथेच दिवस काढायचे आहेत.

तेव्हा मी चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपच्या गेटबाहेर दुपारची शिफ्ट बदलताना ठेकेदाराच्या सुपरवायझरला कुणीतरी मागून कुशीत चाकू मारला. बस भरत होत्या, रेटारेटी होती; म्हटलं तर सगळ्यांनी पाहिलं आणि विचारलं तर कुणीच नाही. सुपरवायझर दवाखान्यात बेशुद्ध होता. चाकू जागेवरच सापडला. पंचनामा झाला, मुद्देमाल ठाण्यात आला.

पातं साधं होतं, बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही घडीच्या चाकूचं. मूठ मात्र बाजारातली नव्हती. मूळचं प्लास्टिक काढून दोन्ही अंगांनी पितळी पट्ट्या बसवल्या होत्या. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, खालून बोटांसाठी खाचा पाडल्या होत्या, आणि एका पट्टीवर दोन अक्षरं कोरली होती. आधी ‘के’, मग ठिपका, मग ‘ज’.

संध्याकाळच्या आत खबऱ्याचा फोन आला. हा गडी जवळच्याच गावचा, वडिलोपार्जित जमीन कंपनीत गेल्यावर गेटसमोर पानटपरी टाकून बसलेला.

“साहेब, के. ज. म्हंजी आमच्याच गावचं पोरगं हाय. कालच त्यानं त्या सुपरवायझरची कॉलर धरली व्हती. साऱ्या गेटानं बघितलंय.”

नाव आणि आडनाव खरंच त्या दोन अक्षरांत बसत होतं. आमचे हवालदार खूश झाले. “घ्या साहेब, आरोपीनं सहीच करून दिली.”

पोराला आणलं. जुन्या शेतकरी घरातला, आता कंपनीला गाड्या लावणारा. भांडण त्यानं लगेच कबूल केलं. “भांडलो व्हय. गाडी आत सोडत न्हवता म्हणून भांडलो. पण ह्यो चाकू माझा न्हाई. आमच्या घरात इळा हाय, कोयता हाय, असला नखऱ्याचा चाकू आमी कशाला बाळगू?”

बाहेरच्या बाकावर त्याचा बाप बसला होता. पाणी दिलं तरी घेईना. दुसऱ्या दिवशी पोराला कोर्टात उभं करायचं होतं आणि कागद सगळे त्याच्या विरोधात जात होते. पण एक गोष्ट मला खटकत होती. वार करणारा माणूस पुढ्यात ठेवलेल्या हत्याराकडे सहसा नजर टाकत नाही. हा जत्रेत वस्तू बघावी तसा निरखून बघत होता.

ठसे घेणाऱ्यांचं काम उरकलं होतं, हाती काही लागलं नव्हतं. मी चाकू प्लास्टिकच्या पिशवीसकट मुठीत धरून पाहिला. तीन बोटं खाचांत चपखल बसली आणि करंगळी नुसतीच लोंबकळली. हवालदारांनी धरला, त्यांचीही तीच गत. एवढ्या निगुतीनं मूठ घडवणारा माणूस एक खाच विसरेल, हे पटेना. पोराच्या हाताची सगळी बोटं तर शाबूत होती. मी हवालदारांना म्हटलं, “आपण साप साप म्हणून भुई धोपटतोय. आधी मूठ कुणी केली ते शोधा.”

ते अवघड गेलं नाही. रस्त्याकडेला धार लावणाऱ्यानं मूठ पाहताक्षणी सांगितलं, “हे रहाटणीतल्या काकांचं काम.”

सकाळीच मी त्यांच्या खोलीवर गेलो. काका बीड जिल्ह्यातले, इथल्या एका कंपनीच्या टूलरूममधून, म्हणजे साचे-हत्यारं घडवणाऱ्या खात्यातून, निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी तिकडेच दिलेली. खिडकीच्या कट्ट्यावर काम घट्ट पकडून धरणारा व्हाइस बसवलेला, कानशी ओळीनं टांगलेल्या. कामगार जेवणाच्या सुट्टीत कांदा-काकडी चिरायला घडीचा चाकू बाळगतात. त्यांच्या तुटक्या मुठी काढून काका पितळेच्या नाहीतर स्टीलच्या बसवून देत आणि वर हवं ते कोरत. खोलीत प्लास्टिकची दोन स्टुलं होती. एक त्यांचं. दुसरं स्वच्छ पुसून, कुणी येणार असल्यासारखं दाराजवळ ठेवलेलं. मी त्यावर बसलो तेव्हा त्यांना ते आवडलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलं.

चाकू म्हटल्याबरोबर ते चप्पल घालून जीपमध्ये बसले.

ठाण्यात मी चाकूची पिशवी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी हात मागे घेतला.

“हातात देऊ नका साहेब. खाली ठेवा. चाकू हातात दिला की भांडण व्हतं.”

“माझं तुमच्याशी कसलं भांडण?”

“नाय ना? मग ठेवा खाली.”

मी टेबलावर ठेवला. मग त्यांनी उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि ‘के. ज. कोण’ या माझ्या प्रश्नावर जरासे हसले.

“ते नाव नाय साहेब. ते गाव हाय. केज. आमच्या बीडचं केज.”

“मग मधला ठिपका?”

“ठिपका नाय, रिवेट हाय ते. पट्टी धरून ठेवायला मधी मारावंच लागतंय. अक्षरं मोठी पायजेत म्हणून हट्ट व्हता, मग रिवेट दोन अक्षरांच्या मधी आला. म्या घासून पट्टीसंगट सपाट केला तर तुमाला ठिपका दिसला.”

माणसं गाव सोडून इथे येतात आणि चाकूच्या मुठीवर गावाचं नाव कोरून खिशात ठेवतात, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला ठाऊक नव्हतं. हवालदारांनी मान खाली घातली. साहित्यिकांची नावं आपण लिहितो तशी आद्याक्षरं समजून आम्ही एका तालुक्यालाच आरोपी करून बसवलं होतं.

“केजचा कोण?” मी विचारलं.

काकांनी चाकू परत टेबलावर ठेवला. चहा मागवला, तो तसाच निवला. मी आवाज चढवला नाही. म्हाताऱ्या माणसाचं मौन ओरडून मोडत नाही, ते त्याचं त्यालाच जड व्हावं लागतं. दारातून बाहेरचा बाक दिसत होता. काका बराच वेळ त्या बापाकडे बघत राहिले.

“ह्यांचंच लेकरू आत हाय का?”

“हो.”

“साहेब, माझ्याकडं रैवारी एकच माणूस येतो. बसतो, भाकरी खातो, गावाकडचं बोलतो. बाकी सगळे मूठ घेऊन जात्यात.” थोड्या वेळानं त्यांनी आपला उजवा हात टेबलावर पसरला आणि अंगठ्याशेजारचं बोट दुमडलं. “प्रेसमधी त्याचं हे बोट गेलं. तीनच खाचा त्याच्यासाठी पाडल्या. चाकू त्याच्या हातात ठरंना, म्हणून.”

मग त्यांनी नाव सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता, आणि तेच मला सहन झालं नाही.

बोट गेल्यावर त्या माणसाला ठेकेदारानं कामावर घेतलं नव्हतं. तो रोज गेटवर जाऊन उभा राहायचा आणि सुपरवायझर चारचौघांत त्याला ‘थोटा’ म्हणून हाक मारायचा. आम्ही त्याच्या खोलीवर पोचलो तेव्हा तो दार उघडं टाकून बसला होता. नाकारलं काहीच नाही. एवढंच विचारलं, “काकांनी सांगितलं का?”

“मुठीनं सांगितलं,” मी म्हणालो.

पोराला सोडलं. त्याच्या बापानं आधी पाणी मागून घेतलं. सुपरवायझर वाचला. पण खटला उभा राहिल्यावर काकांची साक्ष व्हायचीच होती, ती झाली. पिंजऱ्यातला माणूस पूर्ण वेळ पंख्याकडे बघत होता. त्याला शिक्षा लागली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? पुरावा वाचण्याआधी तो हातात धरून बघावा, हे तर शिकवलंच. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. खरं सांगणाऱ्याला आपण साक्षीदार म्हणतो, समन्स पाठवतो, आणि निकाल लागला की विसरतो. खरं बोलण्याची किंमत तो घरी एकटा बसून फेडत असतो. एका बापाला मुलगा परत मिळाला तो एका म्हाताऱ्याचा रविवार रिकामा करून.

निवृत्तीनंतर मी पिंपळे सौदागरला राहू लागलो. मुलगा परदेशात, पत्नी गेलेली. तिचा फळं कापायचा घडीचा चाकू खणात पडून होता, मूठ तडकलेली. एका रविवारी तो घेऊन रहाटणीला गेलो. काकांनी मला ओळखलं. दुसऱ्या स्टुलावर धूळ होती, ती त्यांनी हातानं झटकली.

“गाव कंचं साहेब?”

मी गाव सांगितलं. त्यांनी माझा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारून घेतली आणि पुढच्या रविवारी बोलावलं. मूठ सुरेख झाली होती, करंगळीलासुद्धा खाच होती. मी हात पुढे केला, पण त्यांनी चाकू मिटून स्टुलाच्या कडेवर ठेवला.

“काका, एवढे टूलरूममधले तुम्ही, आणि हे अजून मानता?”

“मानत नव्हतो,” ते म्हणाले. “त्याची मूठ लय झकास झाली व्हती. आनंदाच्या भरात म्या त्याच्या हातातच दिली.”

मी स्टुलावरून चाकू उचलून घेतला. त्यांनी चहा ठेवला, आणि आम्ही दोघं बसून राहिलो.