रेडकू तासाभरात उभं राहतं

बाळाबाईची म्हैस दूधकट्ट्यावर येऊन उभी राहिली की ओळखीची गिऱ्हाइकं आपोआप तिच्याकडं वळत. गारगोटीकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती कोल्हापुरात आली आणि तेव्हापासून तिचा हात कासेवरच. नवरा आकाराम गेला, मुलगा कंपनीत पाळीवर जायला लागला. घरात दिवसभर ती, सून स्वप्नाली आणि दावणीला दोन म्हशी. माणसं पेला पुढं करत, ती थेट पेल्यात धार सोडी, फेस काठावरून ओघळे.

तिच्या हातावर किती रेडकं जन्मली याचा हिशेब तिनं कधी ठेवला नव्हता. म्हैस रेडकाला चाटते, ते धडपडतं, पडतं आणि तासाभरात चार पायांवर उभं राहतं. जे उठत नाही ते जगत नाही.

म्हणून गोठ्यात वैरणीमागं मांजर व्यालं आणि आठवडा उलटला तरी दोन्ही पिल्लं पोटावरच सरपटत राहिली, तेव्हा बाळाबाईनं घाबरून सुनेला हाक मारली.

"स्वप्नाली, अगं हिकडं ये! पिल्लं पांगळी हायत."

"डोळं तरी उघडू द्यात की, आत्ती."

"डोळ्याचं काय घिऊन बसलीस? पाय बघ. एवढ्या दिसांत रेडकू गोठाभर उड्या मारतंय."

करड्या रंगाचं पिल्लू जास्तच बारीक होतं. तिनं ते उचललं, स्वयंपाकघरात टोपलीत जुन्या लुगड्यावर ठेवलं आणि कापसाच्या बोळ्यानं धारेचं दूध पाजायला सुरुवात केली. पायांना कोमट तेल लावलं, एकेक पाय हळूच ताणला. मांजरी दाराशी येऊन ओरडायची. "जा गं, तुझ्या दुधात दमच न्हाय," म्हणून बाळाबाई तिला हाकलायची.

कट्ट्यावर केरबातात्यानं पेला तोंडाला लावता लावता विचारलं, "मावशी, मांजराला तालमीत घालणार म्हणं?"

"घालतो की. तुमच्यापेक्षा लवकर उठंल ते."

पिल्लाचं पोट टम्म दिसायला लागलं तेव्हा तिनं ते कौतुकानं शेजारणीला नेऊन दाखवलं. मग त्याला ढाळ लागली. एका सकाळी तिनं टोपलीत हात घातला, तर पिल्लू गार. मान बोटावरून खाली लोंबली. टोपली पडल्याचा आवाज ऐकून स्वप्नाली धावत आली.

तिनं पिल्लाच्या छातीला कान लावला, तर आत काहीतरी हलत होतं. स्वप्नालीनं गाडी काढली. मागं बसलेल्या बाळाबाईनं पिल्लू पदराखाली पोटाशी धरलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "काय पाजता याला?"

"धारेचं दूध. म्हशीचं. पाण्याचा थेंब न्हाय."

"त्यानंच पोट बिघडलंय, मावशी. एवढं जड दूध याला पचत नाही. अंगातलं पाणी गेलंय सगळं."

बाळाबाईच्या दुधावर मोठी झालेली माणसं रस्त्यात तिच्या पाया पडत.

"आणि पायाचं?" तिनं कसंबसं विचारलं.

"पायांना काय झालंय?"

"उभं ऱ्हात न्हाय की."

"या वयात मांजराचं पिल्लू उभं राहतच नाही. तिसऱ्या आठवड्यात उठेल, झोकांड्या खाईल, मागचे पाय घसरतील. पळायला, उडी मारायला आणखी महिना जातो. पाय चांगले आहेत याचे."

बाळाबाईनं पिल्लाचा एक पाय बोटांत धरून पाहिला. "मग मी त्येला आईपास्नं तोडलं ते कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी कातडीखाली सलाईन दिलं, ऊब द्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "आईनं परत घेतलं तर वाचेल."

घरी आणल्यावर मांजरीनं पिल्लाला हुंगलं आणि तोंड फिरवलं. तेलाचा वास. बाळाबाईनं कोमट पाण्यात फडकं पिळून पिल्लू पुसलं, वाळवलं, दुसऱ्या पिल्लाच्या अंगावर घासलं, वैरणीजवळ ठेवलं आणि लांब जाऊन बसली. मांजरी आली. तिनं पिल्लाची मान दातांत धरली.

"खाल्लं गं बाई!" बाळाबाई उठायला गेली. स्वप्नालीनं तिचं मनगट आवळलं. "थांबा, आत्ती. न्हेतीया ती."

वैरणीमागून चाटण्याचा खरखर आवाज यायला लागला, तेव्हा कुठं बाळाबाईनं मनगट सोडवून घेतलं.

पुढं पिल्लू उठलं. शेपूट ताठ, पाय फाकलेले, दोन पावलांत कलंडलेलं. दर वेळी तिचा हात पुढं जायचा आणि ती तो पदरात गुंडाळून ठेवायची. हळूहळू पिल्लू वैरणीच्या काडीवर झडप घालायला लागलं; काडी चुकायची, नाक आपटायचं. मग काडी सापडायला लागली.

एका सकाळी ती धार काढत असताना पिल्लू गव्हाणीच्या कडेवर चढलं, म्हशीच्या शेपटीकडं झेपावलं आणि तोल जाऊन उलटं खाली यायला लागलं. बाळाबाई किंचाळली. तेवढ्यात हवेतच त्याचं डोकं वळलं, मग पुढचे पाय, मग मागचं सगळं अंग, आणि ते चारी पायांवर शेणात उभं राहिलं.

"आत्ती, धार! बादलीभाईर चाललीया!"

"जाऊ दे गं," बाळाबाई म्हणाली. "त्येला कुणी शिकिवलं हे?"

पिल्लू परत गव्हाणीवर चढायला लागलं होतं.