शिडी धरणारा

माझं वाचन पत्रकांवर झालं. बाबा पुण्यात असताना कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. त्यांच्या नोकरीनिमित्त आम्ही लखनौला आल्यावर त्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या हाती लागला. जगात दोनच बाजू असतात, हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीआधी आमच्या महानगर मोहल्ल्यातल्या घरी दरवर्षी तोच रंगारी यायचा, आणि शिडी धरायला, घासकाम करायला त्याचा मेव्हणा. मजुरी जोडीची ठरायची. एकट्याचा दर विचारायची रीतच नव्हती. नेपाळात यादवी पेटली होती, त्या काळातल्या एका वर्षी आईने घासाघीस केली. "सब जगह कम में हो रहा है भैया," ती म्हणाली. रंगारी कबूल झाला आणि मेव्हण्याऐवजी एका नेपाळी तरुणाला घेऊन आला.

तो गाव सोडून का आला, मी विचारलं.

"दिन में फ़ौज पूछती थी, रात में दूसरे वाले. दोनों को लड़के चाहिए थे."

त्याला परत जाता येत नव्हतं, म्हणून कुठल्याही मजुरीला नाही म्हणता येत नव्हतं. शहरभर असे कितीतरी. दर त्यांनी पाडला नव्हता. त्यांच्या नाइलाजाचा भाव आपण ठरवला होता.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा सायकलवरून आला.

"जीजा, हमारी जगह ये?"

"जो मिल रहा है, उसमें तू आता?"

मेव्हणा नेपाळ्याकडे वळला तशी मी मध्ये पडले. "भैया, झगड़ा इनसे नहीं है. मजूरी काटने वालों से है."

"वो तो चाय लेकर खड़ी हैं, दीदी."

आईने ट्रे खाली ठेवला. जुन्या दरानेच देते, ती म्हणाली. रंगाऱ्याने मान हलवली. "आप दे देंगी भाभीजी. परसों अलीगंज में काम है, वहाँ कौन देगा?"

मेव्हण्याने चहा घेतला. मग त्याने विचारलं, "आपके पूना में क्या मिलता है?"

 रविवारीच पुण्याचा मामा फोनवर कुरकुरला होता, की बाहेरून आलेल्यांनी तिथे रंगकामाचे भाव पाडलेत, त्याच्या नेहमीच्या रंगाऱ्याचे हाल होतायत. मला ते ठाऊक होतं. तरी मीच आईला म्हणाले, "पता दे दो ना." रागाच्या भरात मी हिंदीतच बोलायचे. आईने मामाचा पत्ता दिला. दिवाळी झाल्यावर मेव्हणा पुण्याला गेला.

पुढे मामाचा फोन आला. "तुमचा माणूस चांगला आहे. सोसायटीचं सगळं काम त्यालाच दिलं. आणि स्वस्तही पडतो."

"आधीचा रंगारी होता ना तुमचा?" आईने विचारलं.

"होता. दोनदा येऊन गेला. आता येत नाही."