दाजींच्या मांडीतली गाठ

कृष्णात कोरेगावकडच्या शेतकरी घरातला. लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात प्रयोगशाळेचं काम शिकला आणि सुटून आल्यावर सांगलीच्या एका इस्पितळात लागला. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा औषधात मुरवायचा, मेणात बसवायचा, मेण थिजलं की यंत्राच्या पात्यानं कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. काप काचेवर चढवून रंगवले की दामले डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून निदान लिहीत. कृष्णातनं मत द्यायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा दंडक. पण इतक्या काचा हाताखालून गेल्यावर डोळा तयार होतोच.

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर त्याची धाकटी बहीण शालूबाई नवऱ्याला घेऊन आली. मानसिंग फौजेतून परतलेला, धिप्पाड गडी. डाव्या मांडीत नारळाएवढी गाठ. "खेचरानं लाथ मारल्याली, त्याचीच सूज हाय," तो हसून म्हणाला. गाठीचे दोन तुकडे काढून बरणीत आले. घाईत एकाचेच काप झाले.

डॉक्टरांनी काच पाहिली. "जुनी सूज आहे. वाईट काही नाही. उद्या घरी जाऊ द्या."

शालूबाईला व्हरांड्यातच रडू फुटलं. तिनं देवाला नारळ बोलला आणि वळकटी बांधायला घेतली. कृष्णातही हसला. पण काच जागेवर ठेवताना त्यानं सवयीनं डोळा लावला आणि त्याचं हसू गेलं. काप गाठीच्या कडेचा होता, नुसता वरचा वण. आतल्या गाभ्यातलं काहीच त्यात नव्हतं. दुसरा तुकडा बरणीत तसाच पडून होता.

आता काय करावं? गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. बोललं आणि काही निघालं नाही, तर नोकरी जाणार. गाभ्यात कर्करोग निघाला, तर दाजींचा पाय जाणार, कारण त्या काळी अशा रोगावर करवतीपलीकडे इलाज नव्हता. कुठूनही निघावं तर समोर भिंतच.

तो व्हरांड्यात गेला. "शालू, चार दिस थांबा."

"आता कशापायी रं दादा? डाक्टर तर म्हनलं, बरं हाय."

"जखमंचं टाकं बघायचं हायती." बहिणीशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

दुसरा तुकडा मुरवून, मेणात बसवून काप तयार व्हायला तीन दिवस लागले. रोज शालूबाई प्रयोगशाळेच्या जाळीशी येऊन विचारायची, "टाकं कवा काढनार?" तो मान वर करीत नसे. तिसऱ्या दिवशी त्यानं काच पाहिली. लांबट पेशींचे जुडगेच्या जुडगे, एकमेकांत घुसलेले. मधूनच एखादी पेशी फुटून दोन होताना थांबलेली. त्यानं काच डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"साहेब, एवढी एक बघा."

डॉक्टर रागानं बसले. मग बराच वेळ उठलेच नाहीत. शेवटी म्हणाले, "माझी चूक झाली असती." आणि लगेच, "सांगणार कोण? तुमचे नातलग ना?"

कृष्णातनंच सांगितलं. शालूबाई उसळली. "डाक्टरनं सोडलं हुतं आमाला! तू कशापायी उकरून काढलंस? तुज्यापायी माज्या धन्याचा पाय चालला."

पाय मांडीच्या वरून काढला. मानसिंग वाचला, कुबडीवर मळ्यात फिरू लागला. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला सांगलीला येई. शालूबाईही येई, पण फाटकाबाहेरच्या झाडाखाली बसून राही. भावाच्या हातचं पाणीही घेत नसे.

एका खेपेला मानसिंग म्हणाला, "पावनं, दावा तरी मला, काय हुतं त्या गाठीत."

कृष्णातनं ती काच लावून दिली. मानसिंगनं एक डोळा मिटून खूप वेळ पाहिलं.

"मला तर काय कळंना गड्या. निस्ती रांगोळी हाय."

"तेच हाय, दाजी."

"आनि आता? सगळं गेलं न्हवं?"

डॉक्टरांची तपासणी झालीच होती, तरी रोग पसरला का म्हणून कृष्णातनं त्याच्या जांघेत कुठं गाठ लागते का ते बोटांनी चाचपलं, छातीवर बोटं वाजवून ऐकलं. "आज तरी काय लागत न्हाई," तो म्हणाला. "तीन म्हयन्यांनी परत या."