तिसऱ्याची सर्दी

डहाणूजवळच्या नरपडच्या आमच्या घरमालकांइतके बारीक ऐकणारे कान देवाने दुसऱ्या कुणाला दिले असतील, असे मला वाटत नाही. तलासरीजवळच्या पाड्यावरून मी २०१४ साली अकरावीला डहाणूला कॉलेजात आलो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. राहायचे कुठे, हेही ठाऊक नव्हते. या घरमालकांनी, म्हणजे आमच्या काकांनी, चिकूच्या वाडीतली खोली दिली आणि एकच अट घातली : "रोज अर्धा तास माझ्याबरोबर बसून ऐकायचं. आणि जे ऐकू येईल ते खरं सांगायचं."

ऐकायचे म्हणजे स्पीकरची परीक्षा घ्यायची. मोठा आवाज कुणीही काढतो, बारकावा दाखवील तो स्पीकर, असे काकांचे मत. त्यासाठी गावच्या भजनी मंडळाचे एकच रेकॉर्डिंग ते वर्षानुवर्षे लावत. मागे साथ करणारे तिघे होते आणि त्यातल्या तिसऱ्याला सर्दी झालेली होती. दोन ओळींच्या मधे तो हळूच नाक ओढी. ते स्वच्छ ऐकू आले की स्पीकर पास! त्याआधी पंखा बंद, फ्रिज बंद, काकूंचा मिक्सर बंद. स्पीकरमागे चिकूने भरलेले क्रेट, कारण रिकाम्या क्रेटवरून म्हणे आवाज उडतो. चिकू न्यायला आलेला व्यापारी दारात ताटकळे आणि काका म्हणत, "थांब रे, अजून एक कडवं." डहाणूच्या दुकानदाराने एकदा दणदणीत गाणे लावले, तर म्हणाले, "छाती हलवायला एसटी आहे की! तू सर्दी ऐकव."

२०१८च्या हिवाळ्यात आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसू लागले. एकदा तावदाने थरथरली, आम्ही अंगणात पळालो. काका मात्र "बेस जास्त झालाय" म्हणत आत बटण पिळत बसले.

त्याच सुमारास सर्दी हरवली. काकांनी नवे स्पीकर आणले, परत केले. दुसरे आणले, तेही परत. स्पीकरमध्ये दोष नाही, हे दुकानदार सांगून थकला. "मागे दोघंच गातायत," ते कुरकुरले.

"तिसऱ्याची सर्दी बरी झाली असेल हो!" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तिसरी जोडी आली तेव्हा मी पदवी घेऊन तलासरीत नोकरीला लागलो होतो. काकांनी फोन करून बोलावून घेतले. भजन लागले. तिसऱ्याने नाक ओढले. मला स्वच्छ ऐकू आले. आधीच्या दोन्ही जोड्यांवरही आले होते, पण काकांनी नकारार्थी मान हलवली म्हणून मीही हलवली होती.

"नाही ना येत?" काकांनी विचारले. परत न्यायला दुकानदाराचा टेम्पो बाहेर उभाच होता. माझ्या परीक्षेच्या वेळी या माणसाने महिनाभर घरात गाणे लावले नव्हते.

"येतं, काका. आधीच्या दोन्हींवरही येत होतं."

काकांनी कानामागे हात धरला, थोड्या वेळाने खाली घेतला. "म्हणजे दुकानदार बिचारा खरं बोलत होता," ते म्हणाले. "जाऊ दे टेम्पो. हे ठेवू या."

त्यानंतर मी दर शनिवारी जाऊ लागलो. भजन लागले की काका आता स्पीकरकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत बसतात. तिसरा नाक ओढतो, मी बोट वर करतो, आणि काका खूश होऊन म्हणतात, "अजून आहे बघ गडी!"